सातबाऱ्यातला बारा

दुपारी चारला अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नाही. दुकानांपुढे उभी असलेली पोरं जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून विचारतायत, "काय पाहिजे काका? दहावी, बारावी, एमपीएससी, तलाठी?" बाजीराव रस्त्यावरची बस स्कूटरवाल्यांना हॉर्न देत, इंचाइंचानं पुढे सरकतेय. दोन पुस्तकांच्या दुकानांमधून एक अंधारा जिना वर जातो. पायऱ्या लाकडी, कठड्याऐवजी दोरी. वर एका खोलीच्या दारावर पाटी आहे : 'सर्व दैनिकांच्या जाहिराती स्वीकारल्या जातील.' 'सकाळ'चं 595 बुधवार पेठ हे ठिकाण इथून चालत पोचण्याइतकं जवळ. त्यामुळे या पेठेत अशा खोल्या पूर्वीपासून आहेत. वाढदिवस, श्रद्धांजली, हरवले-सापडले, वधू-वर आणि जाहीर नोटीस, सगळं एकाच टेबलावर.

माझं काम किरकोळ आहे. एका स्मरणसभेच्या चार ओळी द्यायच्यात. पण आधी नंबर एका वकिलांचा आहे आणि त्यांच्याबरोबर अख्खं कुटुंब आलंय. खोलीत खुर्च्या तीन, माणसं दहा-बारा. संगणकापुढे बसलेल्या ताई टाइप करतायत आणि वकीलसाहेब त्यांच्या खांद्यामागे उभे राहून सांगतायत.

"तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की... घेतलं? जिल्हा पुणे, तालुका मुळशी, मौजे... गावाचं नाव नीट बघा, ऱ्हस्व-दीर्घ चुकवू नका. गट नंबर. क्षेत्र 1 हेक्टर 20 आर. पोटखराबा वेगळा दाखवा. चतुःसीमा : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गटाची हद्द, पश्चिमेस शिवरस्ता..."

"साहेब, ओळी वाढल्या की सेंटिमीटर वाढतो," ताई मान न वळवता म्हणतात.

"वाढू दे," कोपऱ्यातून एजंट बोलतो. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. "एकदाच करायचंय. पुढं कटकट नको."

पडद्यावर नोटीस उतरत जाते. वर नमूद मिळकत लिहून देणार यांनी आमचे अशिलांस कायम खरेदी देण्याचे कबूल केले असून ती निर्वेध व बोजारहित असल्याची खात्री व भरवसा दिला आहे. तरी सदर मिळकतीत कोणाचाही गहाण, दान, बक्षीस, लीन, पोटगी, अन्नवस्त्र, वहिवाट, कुळहक्क, वारसाहक्क वा अन्य कोणताही हक्क असल्यास 14 दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह हरकत नोंदवावी. तसे न केल्यास, असा हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. पुण्याच्या दैनिकांत आतल्या पानावर असे चौकोन रोज येतात. वाचणारे ते ओलांडून पुढे जातात. पण या जिल्ह्यात जमीन कुठे हलतेय हे ज्याला बघायचंय, त्यानं पहिलं पान सोडून हे पान वाचावं. मुळशी, मावळ, राजगड, हवेली, खेड, पुरंदर ही नावं तिथे ओळीनं भेटतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सातबाऱ्याची प्रत पडलीय. मी विचारतो, "बघू का?" कुटुंबातला मधल्या वयाचा पुतण्या "बघा की" म्हणतो.

ऑनलाइन उतारा आहे. पंधरा रुपये भरून काढलेला, डिजिटल सहीचा. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे मालकीचा. मूळ धारकाच्या नावाला कंस झालाय, कारण तो वारला. त्याखाली त्याच्या तीन मुलांची नावं; त्यातल्या दोघांना कंस. मग नातवंडं, सुना, लेकी. कंसाबाहेर उरलेली नावं मी बोटानं मोजतो : सतरा. 120 आर म्हणजे ढोबळमानानं तीन एकर. सरासरी काढली तर एकेकाला सातच गुंठे येतात. इतर हक्कांत सोसायटीचा जुना बोजा, तोही कमी केल्याचा फेरफार नंबर. वकिलांनी पिवळ्या पेननं या भागातली एकेक ओळ रंगवलीय.

पान संपतं तिथे खालचा भाग सुरू होतो, गाव नमुना बारा. वर्ष, हंगाम, पिकाचं नाव, जलसिंचित, अजलसिंचित. शेवटी एक रकाना : लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन. पिकाचे रकाने कोरे आहेत. शेवटच्या रकान्यात एकच शब्द, वर्षामागून वर्ष : पड. पड. पड. या भागावर पिवळा पेन कुठेही फिरलेला नाही.

काटकुळा, पाठीत वाकलेला एक म्हातारा भिंतीला टेकून बसलाय. सगळे त्याला नाना म्हणतात. सतरा नावांत या जमिनीत प्रत्यक्ष उतरलेलं शेवटचं नाव त्याचंच. मी विचारतो, "नाना, शेवटचं भात कधी लावलंत?"

"करोनाच्या आदल्या साली," नाना म्हणतात. "त्याच्या म्होरं दाढ भाजलीच न्हाई."

मुळशीकडे भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून भाजतात. तीच दाढ. ती भाजली नाही म्हणजे त्या वर्षी शेती झालीच नाही. नाना सांगतात तो क्रम ऐकण्यासारखा आहे. आधी घरातली माणसं पांगली. एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला, तिकडेच राहिला. दुसऱ्याची पोरं हिंजवडीच्या कंपन्यांत लागली. लावणीला पूर्वी इर्जिक व्हायचं, आज तुझं उद्या माझं. आता माणूस मजुरीनं आणायचा तर गाडीभाड्यासकट आणायचा. मग शेजारच्या गटवाल्यानं जमीन विकली. घेणाऱ्यानं जाळीचं कुंपण घातलं. बैल न्यायची वाट त्या जाळीतून जात होती.

"वाट गेली तिथं निम्मी शेती गेली," नाना म्हणतात. "त्याच्या पडीक रानात डुकरं बसाया लागली. रात्रीची माझ्या भातात. एक साल राखण केली, दुसऱ्या साली गुडघं चालंनात. बांध फुटला. वरच्या खाचराचा बांध फुटला की खालच्यात पाणी ठरत न्हाई. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे."

कुणी ठरवून जमीन पडीक टाकत नाही. शेजारी विकतो, वाट बंद होते, डुकरं येतात, बांध फुटतो. एका गटाचं पडीक होणं दुसऱ्या गटात उतरतं. सरकारी व्याख्येत एक वर्षापर्यंत न पेरलेली ती चालू पड, एक ते पाच वर्षांची ती इतर पड आणि त्याहून जुनी ती लागवडीयोग्य पडीक. नानांची तीन एकर या पायऱ्या एकेक करून उतरून गेलीय. पाचव्या वर्षानंतर खाचरात करवंदीची जाळी आणि घाणेरी उभी राहते. ती काढून बांध पुन्हा घालायचा तर खर्च एवढा की कित्येक वर्षांच्या भातातून तो निघायचा नाही.

"मग कुणाला करायला का नाही दिली?" मी विचारतो.

यावर नाना पुतण्याकडे बघतात. पुतण्या वकिलांकडे. उत्तर वकील देतात, टाइप झालेल्या मजकुरावरून नजर न काढता. "दिली असती तर आज नोटिशीत कुळहक्काची ओळ नुसती छापायची म्हणून छापली नसती. खरंच हरकत आली असती."

गावातला एक तरुण मागायला आला होता, पुतण्या मग खुलासा करतो. अर्ध्या वाट्यानं करतो म्हणाला. बांध मी घालतो, डुकरांची राखण मी करतो. नानांची हरकत नव्हती. मुंबईच्या चुलतभावानं फोनवर सांगितलं, अजिबात नको, पीकपाहणीला नाव लागलं तर कूळ लागेल.

त्याची भीती हवेतली नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 या दिवशी, ज्याला कायदा कृषकदिन म्हणतो, कसणारं कूळ मालक झाल्याचं मानलं गेलं. कसेल त्याची जमीन. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत भाकरी आली ती या कायद्यामुळे, हे विसरता येत नाही. पण त्यातलं 32-ओ कलम कृषकदिनानंतर लागलेल्या कुळालाही जमीन खरेदीचा हक्क देतं. परिणाम असा की दुसऱ्याला रीतसर, कागद करून, चार वर्षांसाठी जमीन कसायला देणं हा व्यवहार इथे जवळजवळ मेला. उरलं ते तोंडी. एका हंगामाचं, ओळखीपाळखीतलं, 'कुठं बोलू नको' असं बजावून दिलेलं. तोंडी कसणाऱ्याला सातबारा नाही, म्हणून पीककर्जाला अडचण, विम्याला अडचण. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही जमीन ज्याच्या नावावर त्याला. ज्याच्या पायाला चिखल लागतो त्याला काही नाही. असा माणूस दुसऱ्याचा फुटलेला बांध कशाला घालील?

खाली रिक्षाचा आवाज येतो. धायरीहून आत्या आल्यात. साठीच्या पुढच्या, नऊवारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात आधारकार्ड, पॅनकार्ड आणि फोटो. पुतण्या पुढे होऊन हात देतो. एजंट खुर्ची रिकामी करतो. पाणी येतं, चहा येतो.

"बसा आत्या. नुसत्या नोटिशीचा मसुदा बघायचाय. सही खरेदीखताच्या दिवशी."

आत्या बसतात. घाम पुसतात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "थोरलीनं साडीचोळीवर सही दिली होती. मी नाही दिली. म्हणून आज मला रिक्षा करून आणली."

कुणी हसत नाही. नाना जमिनीकडे बघतात. थोरल्या बहिणीचं हक्कसोडपत्र तीस वर्षांपूर्वीचं. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाबरोबरीचा हिस्सा दिला. तरी गावोगाव भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोड मागितलं जातंच. या टेबलाशी आत्यांचं नाव सतरांतलं एक आहे आणि त्यांच्यावाचून सोळांचं काही चालत नाही. आत्यांना पैसा हवाय, आणि तो त्यांचा हक्क आहे. लेकीचा वाटा लागला म्हणून जमिनीचे तुकडे झाले असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की ही जमीन पडीक पडली तेव्हा आत्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

मी एजंटला विचारतो, प्रत्येकानं आपापला हिस्सा वेगळा का विकत नाही. तो मला अडाण्याला समजवावं तसं समजावतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. बागायत 10 गुंठे, जिरायत 20 गुंठे, त्याखालचा तुकडा पाडून खरेदीखत होत नाही. 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा खाली आणली ती एवढी. गुंठा-दोन गुंठ्यांचे जे व्यवहार नोटरीवर झाले, ते नियमित करायचं सरकारनं 2025 मध्ये ठरवलं, पण ते घरांच्या वस्तीसाठी. "अविभक्त हिस्सा विकता येतो हो," वकील मध्येच म्हणतात, "पण घेणार कोण? पार्टीला कुंपण घालायला जागा दाखवावी लागते." म्हणून सतरा सह्या. सोळा झाल्या तरी व्यवहार नाही.

आणि सह्या जमतात. मुंबईचा येतो, नाशिकची येते, दुबईतला कुलमुखत्यारपत्र पाठवतो. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून स्वतःच नगर उभारलं. तेव्हा विषय पैशाचा असला तर भावकी एका ओळीत उभी राहते, हे पुण्याला ठाऊक आहे. वाट्यानं द्यायच्या कागदावर मात्र तीच भावकी तीन सह्या देत नाही. खंडातून एकेकाला वर्षाला काय मिळणार? सतरांत वाटलं तर मुंबईहून यायचं गाडीभाडंही सुटणार नाही. सह्या गोळा करण्याचा खर्च उत्पन्नाहून मोठा. म्हणून जमीन थांबते. विक्री होईपर्यंत पडून राहते आणि विक्री झाली की नव्या मालकाकडे पडून राहते.

हे दुखणं एकट्या मुळशीचं नाही. 1991 नंतर पूर्व युरोपात सामुदायिक शेतं मोडली. बल्गेरिया आणि रुमानियानं जमिनी जुन्या मालकांच्या वारसांना परत दिल्या. वारस तोवर शहरांत गेलेले, एकेका तुकड्यावर नावांची रांग. अल्बानियानं जमीन माणशी सारखी वाटली. न्याय झाला, पण पट्टे एवढे छोटे आणि विखुरलेले की डोंगराकडचे कितीतरी मालक सोडून गेले. युक्रेननं तर 2001 ते 2021 शेतजमिनीच्या विक्रीवरच बंदी ठेवली. तरी तिथली काळी जमीन मोठ्या प्रमाणावर पिकत राहिली, कारण विक्री बंद असली तरी भाड्यानं देणं चालू होतं. आमच्याकडे याच्या उलट आहे. विक्री धावते आणि खंड चोरून चालतो. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. एवढ्या लहान खात्यांवर शेती टिकवायची तर शेजाऱ्याची जमीन आपल्या नांगराखाली आणायचा सरळ रस्ता हवा. तोच बंद आहे.

नोटीस तयार होते. वकील एकदा मोठ्यानं वाचतात. आत्या लक्ष देऊन ऐकतात आणि विचारतात, "ह्यात नानांनी इतकी वर्षं केली ते कुठं आलं?"

"त्याची गरज नसते आत्या," वकील सौम्यपणे म्हणतात.

माझ्या चार ओळी घेऊन होतात. मी जिना उतरतो. माझ्या पुढे एजंट, फोन कानाला. पार्टी तपकीर गल्लीत खरेदीला आलीय, तिला नोटिशीचा मजकूर दाखवायचाय. "चला की, त्याच वाटेला आहात," तो मला म्हणतो.

पण चौकात तो दुसऱ्या फोनवर अडकतो आणि मी एका दुकानाच्या फळीशी थांबतो. तलाठी भरतीची पुस्तकं छातीइतक्या उंचीच्या थप्प्यांत रचलीत. 2023 च्या भरतीत साडेचार हजारांहून अधिक जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. पाठीला सॅक लावलेली दोन पोरं एक पुस्तक चाळतायत. एक दुसऱ्याची उजळणी घेतोय. "गाव नमुना सहा?" "फेरफार." "आठ-अ?" "खातेउतारा." "बारा?" "पिकांची नोंद."

"गाव कुठलं?" मी विचारतो. एक बीडकडचा, एक मोहोळचा. घरी जमीन दोघांच्याही आहे. बीडचा म्हणतो, "दोन एकर. बाबा आहेत तोवर करतील." त्यापुढे काय, हे तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पोरगा हुशार आहे, पास होईल. मग कुठल्यातरी गावच्या सज्जावर बसून दुसऱ्या कुणाच्या बापाच्या जमिनीपुढे पड लिहिलेलं मंजूर करील. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आलीय. शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. ॲपमध्ये चालू पड आणि कायम पड असेही पर्याय आहेत. पडीक जमिनीचाही आता अक्षांश-रेखांशासह फोटो असतो.

शेजारच्या दुकानात कायद्याची पुस्तकं. कुळकायद्याची मराठी प्रत मी उघडतो. 63 वं कलम वापरून मऊ झालंय : शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, परवानगीशिवाय. त्याच्या दोन पानं पुढे 65 वं कलम आहे. सलग दोन वर्षं जमीन पडीक ठेवली, तर चौकशी करून तिचं व्यवस्थापन सरकार आपल्याकडे घेऊ शकतं. मी दुकानदाराला दाखवतो. गेली कित्येक वर्षं वकिलांना हेच पुस्तक विकणारा तो माणूस चष्मा वर करून वाचतो आणि म्हणतो, "हे कुणी विचारायला येत नाही. त्रेसष्ट, त्रेचाळीस, चौऱ्याऐंशी-क, एवढीच गिऱ्हाइकं."

एजंटचा फोन संपतो आणि आम्ही तपकीर गल्लीत शिरतो. इथे दोन माणसं समोरासमोर आली की एकानं अंग चोरायचं. वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, कॅमेऱ्यांचे खोके. पार्टी पस्तिशीतली आहे, बालेवाडीला राहते, बोलायला नम्र. शेजारचा जाळीचा गट त्यांचाच. नोटिशीचा मजकूर मोबाइलवर वाचून ते मान हलवतात आणि दुकानदाराकडे वळतात. सोलरचे दिवे सहा. सिमकार्डावर चालणारा कॅमेरा एक. कुंपणाला लावायचं झटका मशीन एक. दुकानदार मशीन सुरू करून दाखवतो. टक्, टक्, टक्. "डुक्कर परत फिरकत नाही, साहेब."

"आत काय लावणार?" मी विचारतो.

"सध्या काही नाही. आंबा लावायचा विचार आहे. वीकएंडला येऊन बघायला वेळ हवा ना."

शेतकरी असल्याचा दाखला कुठला, हे मी विचारल्यावर ते मोकळेपणानं सांगतात. लातूरकडे वडिलांच्या नावावरची साडेतीन एकर. तिच्यात त्यांचं नाव लागलंय. त्याच सातबाऱ्यावर ही खरेदी होते.

"ती कोण करतं?"

"चुलते करायचे. आता पडूनच आहे."

म्हणजे एका पडीक जमिनीच्या उताऱ्यावर दुसरी पडीक जमीन विकत घेतली जातेय. यात बेकायदा काहीही नाही. हा माणूसही वाईट नाही. त्याच्या बापानं त्याला शिकवलं, त्यानं पैसे मिळवले आणि ते सुरक्षित राहतील अशी एकच वस्तू त्याला ठाऊक आहे. भातानं या जमिनीची किंमत ठरत नाही. रिंगरोड किती लांब, ओढ्याला पाणी किती महिने, डोंगर दिसतो का, यावर गुंठ्याचा भाव निघतो. नाना वर खोलीत म्हणाले होते, "एका गुंठ्याला येत्यात तेवढं पैसं भातानं मला उभ्या जन्मात दिलं न्हाईत." अशा भावात घेतलेली जमीन कसून परवडत नाही आणि न कसल्यानं घेणाऱ्याचं काही बिघडत नाही.

गल्लीतून बाहेर पडून मी दगडूशेठच्या दिशेनं चालतो. संध्याकाळची गर्दी सुरू झालीय, हारवाले ओरडतायत. देवळासमोर भिडे वाड्याची जागा. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा इथे भरली. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला, स्मारकासाठी. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच पुण्यात बसून. शेतकऱ्याची जमीन कागदानं कशी जाते, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या आठ वर्षं आधी, मे 1875 मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांना हात घातला आणि गावोगाव कर्जरोखे जाळले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. आणि 1921 मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा मोबदल्याला आधी तयार झाले ते शहरात राहणारे जमिनीचे सावकार-मालक. कसणारे मावळे लढत राहिले. कागद पेठेत आणि चिखल मावळात, ही वाटणी तेव्हापासूनची.

आज सावकार नाही, जबरदस्ती नाही. मालकही मावळ्यांचेच नातू आहेत. तेच आता पेठेत, कोथरूडला, बालेवाडीला राहतात. जोतीरावांच्या पूर्वजांचं एक गाव पुरंदरमधलं खानवडी. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी जी सात गावं नेमली गेली, त्यांत तेही आहे. तिथले शेतकरी मोजणीला विरोध करत रस्त्यावर उतरले. अंजीर-सीताफळाच्या बागा उभ्या आहेत म्हणून ते लढू शकले. जिथे बारा कोराच आहे, तिथे लढायलाही कुणी उरत नाही.

ही संध्याकाळ पाहून माझं म्हणणं एवढंच आहे. जमिनीच्या बाजाराला शिव्या देऊन काही होणार नाही. आत्यांना त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत आणि नानांच्या गुडघ्यांना विश्रांतीही. पण विकण्याचा रस्ता जितका रुंद आहे, तितका कसायला देण्याचा केला पाहिजे. टी. हक समितीनं 2016 मध्ये नीती आयोगासाठी भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना दिला. त्यात मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याला मुदतीपुरतं कर्ज-विम्याचं संरक्षण, असा सरळ सौदा आहे. कुळकायद्यानं एका पिढीला जमीन दिली. त्याच कायद्याच्या धाकानं पुढच्या पिढीतल्या भूमिहीनाला ती कसायला मिळत नसेल, तर तो धाक काढणं ही कुळकायद्याशी बेइमानी नव्हे.

आणि वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचं नाव कुठल्यातरी गावच्या उताऱ्यावर आहेच. नाव लागलं का, हिस्सा किती, भाव काय चाललाय, हे तुम्ही वेळोवेळी पाहिलं असेल. पुढच्या वेळी तोच उतारा काढाल तेव्हा पान खाली सरकवा आणि बारा वाचा. तिथे पड लिहिलेलं दिसलं, तर एजंटला फोन करायच्या आधी एक फोन गावात करा आणि विचारा, करायला कुणी तयार आहे का. बहुतेक गावांत अजून एखादा तरी असतो.